बेंद्रे, नारायण श्रीधर
(२१ ऑगस्ट १९१० – १९ फेब्रुवारी १९९२). विख्यात भारतीय चित्रकार व कलाशिक्षक. जन्म इंदूरच्या मराठी कुटुंबात. तेथील कलाशाळेत द. दा. देवळालीकर यांच्याकडे त्यांचे चित्रकलेचे शिक्षण झाले. विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर नेऊन प्रत्यक्ष निसर्गासमोर रंगवायला लावणारे हे गुरू. ऊन-सावलीचे भान आणि रंगाचा ओला, मोकळा फटकारा बेंद्र्यांना तिथेच मिळाला. १९३३ मध्ये त्यांनी मुंबईची शासकीय कला पदविका मिळवली. पुढे काही वर्षे ते श्रीनगरला पर्यटन विभागात चित्रकार होते. काश्मीरची त्यांची निसर्गचित्रे या काळातली. बाँबे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना १९४१ मध्ये मिळाले.

१९४५ मध्ये शांतिनिकेतनात नंदलाल बोस व रामकिंकर बैज यांचा सहवास लाभला. १९४७-४८ मध्ये त्यांनी अमेरिका व यूरोपचा प्रवास केला; न्यूयॉर्कला मुद्राचित्रणाचे तंत्र अभ्यासले आणि तेथे प्रदर्शनही भरवले. आधुनिक युरोपीय चित्रे प्रत्यक्ष पाहून ते परतले.

१९५० मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला विद्याशाखा सुरू झाली आणि चित्रकला विभागाची धुरा बेंद्र्यांकडे आली. पदविकेऐवजी विद्यापीठीय पदवी देणारे असे कलाशिक्षण देशात नवेच होते. त्यांचा भर व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिकावर असे. कोऱ्या पृष्ठभागापासून चित्र कसे उभे राहते, कुठे बिघडते आणि कसे सावरते, हे विद्यार्थी डोळ्यांनी पाहत. स्वतः ते याच सुमारास घनवादाचा कसून अभ्यास करत होते. पायात रुतलेला काटा काढण्याच्या साध्या प्रसंगावरील ‘काटा’ या चित्राला १९५५ मध्ये ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शिक्षकच नव्या वाटा चाचपून पाहत असल्यामुळे वर्गात प्रयोगाचा धाक उरला नाही. ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाम मोहम्मद शेख, रतन परिमू, हकू शाह, गुलाम रसूल संतोष हे त्यांचे विद्यार्थी. यांपैकी एकाचेही चित्र दुसऱ्यासारखे नाही, बेंद्र्यांसारखे तर नाहीच. शिक्षक म्हणून त्यांचे मोठेपण यातच मानावे लागेल. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या बडोदा ग्रुप या चित्रकारांच्या गटात शिक्षक व विद्यार्थी एकत्र होते. १९५९ मध्ये बेंद्रे विद्याशाखेचे अधिष्ठाता झाले. १९६६ मध्ये पद सोडून त्यांनी मुंबईत पूर्णवेळ चित्रनिर्मिती सुरू केली.

उत्तरायुष्यात त्यांनी बिंदुवादी पद्धत आपलीशी केली. शुद्ध रंगांच्या लहान ठिपक्यांतून ग्रामीण स्त्रिया, झाडे, गुरे साकारली. या चित्रांना रसिकांचे प्रेम लाभले. मात्र रचनेचा कस पाहायचा तर बडोद्याच्या काळातील चित्रांकडेच वळावे लागते. पद्मश्री (१९६९), ललित कला अकादमीची अधिछात्रवृत्ती (१९७४), कालिदास सन्मान आणि पद्मभूषण (१९९२) हे त्यांना लाभलेले प्रमुख सन्मान. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.