हिरवळीवरची पांढरी छत्री विषारी

पावसाची पहिली झड ओसरली, की बोरिवली, मुलुंड, अंधेरी, घाटकोपर येथील सोसायट्यांच्या बागांत, मैदानांच्या कडेला आणि आरे वसाहतीच्या कुरणांत रातोरात पांढऱ्या छत्र्या उगवतात. कुणी त्यांना भूछत्र म्हणते, कुणी कुत्र्याची छत्री, तर कुणी सरसकट अळंबी. त्यांपैकी बशीएवढी रुंद होणारी, मांसल आणि दिसायला देखणी अशी एक जात विषारी आहे. तिचे शास्त्रीय नाव 'क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस'. विषारी भूछत्रे घनदाट जंगलात असतात, हा समज ही जात खोटा ठरवते. ती माणसांच्या वस्तीत, खेळत्या मुलांच्या पायाशी उगवते.

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ मेयर यांनी दक्षिण अमेरिकेतील एसेक्विबो नदीच्या प्रदेशातील वनस्पतींचा अभ्यास करताना १८१८ मध्ये या जातीचे वर्णन केले. पुढे १८९८ मध्ये ब्रिटिश कवकतज्ज्ञ जॉर्ज मॅसी यांनी तिला आजच्या प्रजातीत स्थान दिले. या नावातच तिची ओळख दडलेली आहे. ग्रीक भाषेत 'क्लोरोस' म्हणजे हिरवे, 'फायलॉन' म्हणजे पान आणि 'मॉलिब्डॉस' म्हणजे शिसे. टोपीखालचे पातळ पडदे, ज्यांना माशाच्या कल्ल्यांवरून कल्ले म्हणतात, ते वय वाढताच शिसवट हिरवे होतात.

ओळख आणि फसगत

कोवळेपणी ही छत्री अंड्यासारखी गोल असते. पूर्ण उमलल्यावर टोपीची रुंदी ८ पासून ३० सेंटिमीटरपर्यंत जाते. टोपीच्या पांढऱ्या पृष्ठभागावर, विशेषतः मध्यभागी, तपकिरी खवले दिसतात. देठाभोवती एक कडे असते आणि ते बहुधा वरखाली सरकते. हिरवळीवर या छत्र्या पुष्कळदा वर्तुळाकार उगवतात, कारण मातीतील कवकजाल एका बिंदूपासून चहूकडे सारखे पसरत जाते. छत्री हे त्या कवकजालाचे फळ होय. म्हणूनच छत्र्या उपटून टाकल्या, तरी पुढच्या पावसात त्याच जागी नव्या उगवू शकतात.

खरी फसगत कोवळ्या छत्रीत होते. तेव्हा कल्ले पांढरेच असतात. हिरवी झाक उशिरा येते. युरोप-अमेरिकेत हौसेने खाल्ल्या जाणाऱ्या 'पॅरासोल' छत्रीशी तिचे इतके साम्य आहे, की अमेरिकेत भूछत्रांमुळे होणाऱ्या विषबाधेत हीच जात वारंवार आढळते. बीजाणूंचा ठसा घेतल्यास फरक कळतो. टोपी कापून, कल्ले खाली करून कागदावर ठेवायची आणि त्यावर पेला पालथा घालायचा. रात्रभरात बीजाणू कागदावर झडतात. या जातीचा ठसा मळकट हिरवा उमटतो. परंतु ठसा हिरवा नाही, म्हणजे छत्री खाण्याजोगी आहे, असा अर्थ मुळीच निघत नाही. अत्यंत घातक छत्र्यांचे ठसेही पांढरे असतात.

गावाकडचे ज्ञान, शहरातील माती

महाराष्ट्र व गोव्यात रानातील अळंबी हा पावसाळ्यातील आवडीचा पदार्थ आहे. वारुळावर उगवणारी अळंबी त्यांत श्रेष्ठ मानली जाते. तिचा देठ मुळासारखा जमिनीत खोल उतरून वाळवीच्या घरट्यापर्यंत पोहोचतो आणि तिचे बीजाणू गुलाबीसर असतात. पिढ्यान्‌पिढ्या एकाच रानात वावरलेल्या जाणत्यांना जागा, ऋतू, देठ, वास यांवरून ती ओळखता येते. उपनगरांत मात्र कोकण, विदर्भ, ओडिशा, आसाम अशा निरनिराळ्या प्रदेशांतून आलेली माणसे राहतात. गावच्या ओळखीवर विसंबून इथली छत्री खुडणे धोक्याचे ठरते.

या धोक्याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात घडले. तेथे 'डेथ कॅप' ही युरोपातून आलेली छत्री ओकच्या झाडांखाली उगवते. कोवळेपणी ती आशियात खाल्ल्या जाणाऱ्या भाताच्या पेंढ्यावरील अळंबीसारखी दिसते. कॅनबेरा येथे २०१२ च्या प्रारंभी अशाच गफलतीने दोघांचा मृत्यू झाला. आपल्या देशात आसाममध्ये एप्रिल २०२२ मध्ये रानटी भूछत्रे खाल्ल्याने १३ जण दगावले. त्यांत चहामळ्यांवरील कुटुंबांचा मोठा भरणा होता.

लक्षणे आणि उपचार

हिरव्या कल्ल्यांची छत्री खाल्ल्यावर साधारण १ ते ३ तासांत मळमळ, जोराच्या उलट्या, पोटात मुरडा आणि पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. काही वेळा जुलाबातून रक्तही पडते. शिरेवाटे द्रव मिळाल्यास बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत सावरतात. लहान मुले व वृद्ध यांच्या शरीरातील पाणी मात्र झपाट्याने घटते आणि त्यांना अधिक धोका असतो.

लक्षणे उशिरा दिसू लागली, तर प्रकरण अधिक गंभीर समजावे. 'डेथ कॅप'मध्ये आणि 'लेपिओटा' प्रजातीतील काही लहान छत्र्यांत अमाटॉक्सिन हे विष असते. त्याची लक्षणे ६ ते १२ तासांनी, कधी त्याहूनही उशिरा उमटतात. उलट्या-जुलाब थांबून रुग्णास बरे वाटू लागते आणि त्याच काळात यकृत निकामी होत जाते. शिजवल्याने, वाळवल्याने वा गोठवल्याने हे विष नष्ट होत नाही.

चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण रंग बदलते, किडे लागलेली छत्री निर्धोक असते, या साऱ्या समजुती निराधार आहेत. विष ओळखणारी कोणतीही घरगुती परीक्षा नाही. छत्री खाण्यात आल्याची शंका येताच, लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. उरलेली छत्री देठासह कागदी पिशवीत सोबत न्यावी. ती खाल्ल्याची नेमकी वेळ आणि बरोबर जेवलेल्यांची माहिती डॉक्टरांना सांगावी. घरच्या घरी मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. दिल्लीच्या 'एम्स'मधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राकडून १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास सल्ला मिळतो.

केवळ स्पर्शाने ही छत्री बाधत नाही. हात धुतले म्हणजे पुरे. मुले खेळतात त्या हिरवळीवरील छत्र्या मात्र दररोज सकाळी काढून टाकाव्यात. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून तर कोणतीही वनोपज काढण्यास वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार मनाई आहे. तेथील कुजणारा पाला आणि लाकूड पुन्हा मातीत मिळवणारी भूछत्रे रानातच राहू द्यावीत. जेवणात अळंबी हवी असल्यास लागवडीची, खात्रीच्या दुकानातील घ्यावी.