पुठ्ठ्याचे गाव : युद्धखेळाच्या पटावरील घराचा इतिहास

१/ टेबलावर एक गाव मांडलेले आहे. उंच उतरती छपरे, पांढऱ्या गिलाव्यावर काळ्या लाकडांची उभी-आडवी चौकट, रस्त्यावर पुढे झुकलेला वरचा मजला, मध्ये एक विहीर. घराची उंची जेमतेम वीतभर. गल्लीतले शिपाई अंगठ्याच्या पेराएवढे. हे गाव कोणत्याही नकाशात नाही. त्याच्या वेशीवर राक्षस आणि बुटके चाल करून येतात. तरीही ते कुठेतरी पाहिल्यासारखे वाटते. ही ओळख कुठून आली, हे या धाग्यात पाहू.

२/ पटावरील युद्धखेळात दोन खेळाडू धातूची किंवा प्लॅस्टिकची रंगवलेली सैन्ये, मोजपट्टी आणि फासे घेऊन लढतात. लढाईला भूमी लागते आणि भूमीवर घरे. ती तयार संचांत विकतही मिळतात. पण या छंदाची एक जुनी शाखा पुठ्ठा, लाकडाच्या पट्ट्या आणि टाकाऊ वस्तूंतून प्रत्येक घर स्वतः घडवते. तिचे नाव ‘स्क्रॅच-बिल्डिंग’. स्क्रॅच म्हणजे शर्यतीसाठी जमिनीवर ओरखडलेली आरंभरेषा. तिथून धावणाऱ्याला कसलीही सवलत नसे.

३/ छोट्या घरांचा लढाईशी संबंध मात्र खेळाच्या फार आधी राजदरबारात जुळला. १६६८ साली फ्रान्सचा युद्धमंत्री लूव्वा याने चौदाव्या लुईसाठी सीमेवरील तटबंद शहरांच्या प्रतिकृती करवून घ्यायला सुरुवात केली. प्रमाण एकास सहाशे. म्हणजे सहा मीटर रुंदीचे घर तेथे एक सेंटिमीटरचे. तट, खंदक आणि चढउतार यांच्याबरोबर रस्ते आणि घरेही बसवलेली. साहित्य लाकूड, कागद, रेशीम आणि वाळू.

४/ वेढा कसा पडेल, तोफा कुठे ठेवाव्यात, हे दूर राजधानीत बसून पाहता यावे, हा त्यामागचा हेतू. म्हणून हा संग्रह लूव्र राजवाड्यात सामान्यांच्या नजरेआड ठेवला जाई. १७७७ मध्ये तो पॅरिसमधीलच अँव्हालिदच्या वास्तूत हलवला गेला. १८१५ च्या पराभवानंतर प्रशियाने त्यातील काही प्रतिकृती बर्लिनला नेल्या. शत्रूच्या लेखी ती युद्धसामग्रीच होती. आज तिचा उपयोग वेगळा आहे. जे तट आणि वस्त्या पुढे पाडल्या गेल्या, त्या कशा होत्या हे अभ्यासक तेथे पाहतात.

५/ त्याच प्रशियात १८१२ साली बॅरन फॉन रायस्विट्झ यांनी राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याला एक युद्धपट भेट दिला. खणांच्या पेटीवजा टेबलावर भूप्रदेशाचे चौकोनी तुकडे हवे तसे जुळवून लढाई मांडता येई. १८२४ मध्ये त्यांच्या लष्करी अधिकारी असलेल्या मुलाने हाच खेळ खऱ्या नकाशावर आणला आणि तो सैन्याच्या शिक्षणाचा भाग झाला. आता कोणत्याही प्रदेशात लढाई खेळता येऊ लागली. घर मात्र पुन्हा सपाट झाले. शाईने दाखवलेली एक खूण तेवढी उरली.

६/ घराला पुन्हा भिंती मिळाल्या त्या वॉटर्लूमुळे. १८३० साली ब्रिटिश अधिकारी विल्यम सायबोर्न याच्यावर त्या रणभूमीची प्रतिकृती करण्याचे काम सोपवले गेले. ‘ला ए सँत’ या शेतवाड्यात त्याने आठ महिने मुक्काम केला आणि सारा परिसर मोजून काढला. त्याने प्रमाण घेतले मैलाला नऊ फूट. लुईच्या कारागिरांच्या प्रमाणाशी ते जवळजवळ जुळते. लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे लिहून, कोण कुठे उभा होता याची माहितीही त्याने जमवली.

७/ १८३३ मध्ये सरकारने पैसा देणे थांबवले. सायबोर्नने कर्ज काढून काम पुरे केले आणि १८३८ मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये प्रतिकृती लोकांपुढे ठेवली. तीत सुमारे ७५,००० चिमुकले सैनिक होते. संध्याकाळी सातच्या सुमाराची वेळ दाखवताना त्याने रणांगणावर बरेच प्रशियन सैन्य मांडले. विजयाचे श्रेय वाटले जाते आहे, असा अर्थ त्यातून निघाला आणि ड्यूक ऑफ वेलिंग्टनची नापसंती ओढवली. कथिलाच्या शिपायांवरून राष्ट्राच्या श्रेयाचा वाद पेटला.

८/ त्या वादात एक गोष्ट दुर्लक्षित राहिली. वॉटर्लूचा दिवस दोन घरांभोवती फिरला होता. उगोमोंची वाडी जळत असतानाही दिवसभर लढवली गेली. ला ए सँतमधील तुकडीचा दारूगोळा संपला आणि संध्याकाळी ती वाडी फ्रेंचांच्या हाती पडली. दाराची रुंदी, भिंतीची उंची, गोठ्याचे छप्पर यांवर माणसांचे प्राण अवलंबून होते. सायबोर्नने त्याच वाडीत राहून मोजमापे घेतली होती. घर नुसता आडोसा नसते, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

९/ ही सारी विद्या खोलीच्या फरशीवर आणली एका कादंबरीकाराने. एच. जी. वेल्स यांची ‘फ्लोअर गेम्स’ १९११ मध्ये आणि ‘लिटल वॉर्स’ १९१३ मध्ये प्रसिद्ध झाली. खेळण्यातली स्प्रिंगची तोफ लाकडी गोळी उडवी आणि शिपाई खरोखर आडवे होत. रणभूमी उभी राहिली ती घरात सापडेल त्यातून : सुरुवातीला विश्वकोशाचे खंड, मग लाकडी ठोकळे, फळ्या आणि झाडांसाठी डहाळ्या. या छंदाचा हातातल्या वस्तूंतून गाव उभे करण्याचा संस्कार इथला.

१०/ वेल्स यांनी पुस्तकाचा शेवट युद्धाच्या विरोधात केला. छोटे युद्ध खेळून पाहिलेल्या माणसाला खरे युद्ध किती ढिसाळ आणि विध्वंसक असेल याची कल्पना येईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले.

११/ त्या युद्धानंतर जर्मनीत एक वेगळेच काम सुरू झाले. खेळाशी त्याचा संबंध नव्हता, पण आपल्या गोष्टीत त्याचे स्थान मोठे आहे. फ्रँकफर्टची मध्ययुगीन वस्ती म्हणजे लाकडी चौकटीच्या घरांची दाटी. १९२६ पासून हेरमान आणि रोबेर्ट ट्रॉयनर या भावांनी त्या वस्तीची एकास दोनशे प्रमाणात प्रतिकृती घडवायला घेतली. गल्ली-गल्लीतले घर पाहायचे, टिपायचे आणि लहान करून उभे करायचे.

१२/ मार्च १९४४ मधील हवाई हल्ल्यांत ती वस्ती जळून गेली. २२ मार्चला गटेचे जन्मघरही गेले. लाकडाची, एकमेकांना खेटून उभी असलेली घरे आगीला किती सोपी असतात, ते काही रात्रींत दिसले. ट्रॉयनर बंधूंचे काम मात्र थांबले नाही. ती प्रतिकृती १९६१ पर्यंत होत राहिली. ज्यावरून घडवायचे ते घर आता अस्तित्वात नव्हते. उरली होती टिपणे आणि आधी घडवून झालेली घरे.

१३/ आज ती प्रतिकृती फ्रँकफर्टच्या इतिहास संग्रहालयात आहे. कॅथेड्रल आणि रोमर चौक यांमधल्या जागेवर २०१८ मध्ये ३५ इमारतींची नवी ‘जुनी वस्ती’ पुरी झाली. त्यांतील १५ इमारती जळालेल्या घरांच्या पुनर्रचना आहेत. हरवलेल्या घराची आठवण छोट्या घराने सांभाळावी, असे येथे घडले.

१४/ आता त्या कल्पित गावाकडे वळू. १९७१ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ या मध्ययुगीन युद्धखेळाला अद्भुत प्राण्यांची पुरवणी जोडली गेली. त्याच सुमारास मिनेसोटात डेव्ह आर्नेसन याने आपल्या काल्पनिक ‘ब्लॅकमूर’साठी टेबलावर जो किल्ला ठेवला, तो जर्मन मॉडेल-रेल्वेच्या संचातला प्लॅस्टिकचा किल्ला होता. छोट्या रेल्वेरुळांलगत उभी करायची जर्मन घरे आणि किल्ले तेव्हा बाजारात तयार मिळत. अद्भुताला पहिला निवारा मिळाला तो असा.

१५/ १९८३ मध्ये इंग्लंडमध्ये ‘वॉरहॅमर’ आला. रचनाकार ब्रायन अँसेल, रिचर्ड हॅलिवेल आणि रिक प्रीस्टली. त्यातील मानवांचे ‘साम्राज्य’ सोळाव्या शतकातील पवित्र रोमन साम्राज्याच्या, म्हणजे जर्मन भूमीच्या धर्तीवर बेतलेले. साहजिकच त्याची गावेही लाकडी चौकटीची झाली. १९८८ मध्ये कातरून चिकटवायच्या कार्डाच्या घरांचा ‘टाउनस्केप’ संच निघाला. १९९६ मध्ये भूभाग आणि घरे कशी घडवावीत यावर एक स्वतंत्र पुस्तिका. सैन्य विकणारी कंपनीही तेव्हा घर घडवायला शिकवत होती.

१६/ मूळ घर कसे उभे राही? सुतार ओकच्या लाकडाची चौकट आधी आपल्या आवारात आडवी जुळवी, सांधे तपासी, प्रत्येक लाकडावर खुणेचे आकडे कोरी. मग ती सुटी करून जागेवर नेई आणि लाकडी खुंट्या ठोकून उभी करी. म्हणजे अस्सल घरही एका अर्थी सुट्या भागांचा संचच. चौकटीतल्या मोकळ्या जागा काठ्यांच्या विणीवर माती लिंपून भरत. कोकणातला कूड पाहिलेल्याला हे वेगळे सांगायला नको.

१७/ पुठ्ठ्याच्या घरात हा क्रम उलटतो. येथे भार पुठ्ठ्याची किंवा दाट फोमची भिंत पेलते. कॉफी ढवळायच्या लाकडी पट्ट्या वरून डिंकाने चिकटवायच्या. पट्टी कुठेही लावली तरी घर पडत नाही, आणि फसगत होते ती इथेच. खऱ्या घरात तिरपे लाकूड चौकट वाऱ्याने तिरकी होऊ नये म्हणून असते. पुढे आलेला मजला तुळयांच्या टोकांवर तोललेला असतो. ही टोके दाखवली नाहीत, तर मजला हवेत तरंगतो. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकते.

१८/ मोजमापातही तडजोड लागते. २८ मिलिमीटरच्या शिपायाशी साधारण एकास साठ हे प्रमाण जुळते. दहा मीटर लांबीचे घर १७ सेंटिमीटरचे होते. अशी वीस घरे मांडली, तर लढायला जागा उरत नाही. म्हणून कसबी माणूस दाराची उंची कायम ठेवतो आणि घराचा पसारा आवरतो. शिपाई बैठकीच्या चकतीवर उभा असल्याने दार किंचित मोठेच ठेवावे लागते. आत शिपाई ठेवता यावेत म्हणून छप्पर सुटे. कौले पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची, खालच्या ओळीपासून वर लावत नेलेली. खरी कौलेही तशीच लागतात.

१९/ १९९९ च्या ‘मॉर्डहाइम’ने या छंदाला उद्ध्वस्त शहर दिले. भग्न घर घडवणे अधिक अवघड. ते आधी मनात पुरे उभे करावे लागते, मग काय जळाले आणि काय उरले याचा हिशेब मांडावा लागतो. लाकडी मजले जातात. दगडी तळमजला आणि धुराडे उरते. नुसता फाडलेला पुठ्ठा अवशेष दिसत नाही. हा हिशेब कल्पनेतला असला तरी १९४४ च्या युरोपने तो प्रत्यक्षात मांडून दाखवलेला आहे.

२०/ लुईच्या कारागिराने शहर घडवले ते वेढ्याचा हिशेब मांडण्यासाठी. ट्रॉयनर बंधूंनी घडवले ते शहराच्या ओढीने. पटावरचे गाव या दोन परंपरांच्या मधोमध उभे आहे. तेथे घर म्हणजे आडोशाचा नियम, फाशावर ठरणारी पडझड. पण ते घडवणारा हात आठ-दहा संध्याकाळ तुळया मोजत बसतो आणि नकळत शेकडो वर्षांपूर्वीच्या सुताराचा विचार शिकतो. असे गाव कधी पाहायला मिळाले, तर सैन्याकडे नंतर वळावे. आधी पुढे आलेल्या मजल्याखाली वाकून पाहावे. तुळयांची टोके दिसली, तर समजावे की घडवणाऱ्याने खरे घर नीट पाहिले आहे.