घरगुती ॲक्वापोनिक्स: किनाऱ्यावरच्या घरात सुरुवात कशी करावी?

ॲक्वापोनिक्स म्हणजे मासे आणि भाजी एकाच पाण्यावर वाढवण्याची पद्धत. माशांच्या टाकीतले पाणी पंपाने खडीच्या वाफ्यात जाते, झाडांची मुळे त्यातली अन्नद्रव्ये घेतात आणि पाणी पुन्हा टाकीत येते. माती लागत नाही आणि एरवी पाणी बदलावेही लागत नाही. बाष्पीभवनाने आणि झाडांमुळे रोज साधारण १ ते ३ टक्के पाणी कमी होते, तेवढेच भरायचे असते.

या पद्धतीला आजचे रूप १९८० च्या दशकात अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना आणि व्हर्जिन आयलंड्स येथील विद्यापीठांमधल्या प्रयोगांतून मिळाले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये लहान प्रमाणावरील ॲक्वापोनिक्सची पुस्तिका काढली. घरगुती संचासाठी त्यातलीच प्रमाणे आजही वापरली जातात.

पालघर तालुक्यात केळव्याच्या दक्षिणेला समुद्रकाठी असलेल्या एडवणसारख्या गावात ताजी मासळी सहज मिळते. तेथे केवळ खाण्याच्या माशांसाठी हा खटाटोप परवडणार नाही. उपयोग आहे तो भाजीसाठी. किनाऱ्यालगतची जमीन रेताड, उन्हाळ्यात विहिरीचे पाणी मचूळ होण्याची भीती आणि पावसाळ्यात पालेभाजीचे वाफे कुजणे, या तिन्ही अडचणींवर उंचावर बांधलेला खडीचा वाफा उपयोगी पडतो. मात्र हाच किनारा संचाची परीक्षाही पाहतो.

पाण्यात नेमके काय घडते?

मासे कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून अमोनिया टाकतात. तो त्यांना स्वतःलाच विषारी असतो. खडीवर वाढणारे जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही माशांना घातक आहे, नायट्रेट मात्र झाडांचे खत ठरते. हे जिवाणू विकत घेतलेल्या टाकीत किंवा पंपात नसतात, ते वाढू द्यावे लागतात. नव्या संचातले मासे मरण्यामागे बहुतेक वेळा हीच घाई असते.

आकार किती असावा?

सुरुवातीला ५०० लिटरची टाकी आणि १ चौरस मीटरचा, ३० सेंटिमीटर खोल वाफा पुरेसा आहे. पालेभाजीच्या १ चौरस मीटरसाठी माशांना रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य पडावे लागते. मासे रोज वजनाच्या साधारण २ टक्के खातात, असे धरले तर अडीच किलो मासे, म्हणजे प्रत्येकी दीडशे ग्रॅमचे १५ ते १७ मासे पुरतात. टाकीतले सगळे पाणी तासाला निदान एकदा वाफ्यातून फिरावे. २० वॅटचा पंप आणि ५ वॅटचा एअर पंप चोवीस तास चालवल्यास महिन्याला सुमारे १८ युनिट वीज लागते.

वजनाचा हिशेब आधी करावा. भरलेली टाकी ५०० किलोची आणि ओल्या खडीचा वाफाही जवळपास तेवढाच असतो. जुन्या स्लॅबवर किंवा गच्चीवर हे ठेवू नये. अंगणात सावलीची जागा उत्तम.

खडी, शिंपले आणि मीठ

समुद्रावरची वाळू किंवा गोटे वाफ्यात घालू नयेत. त्यांत मीठ असते आणि शिंपल्यांचा चुराही असतो. शिंपल्यातला चुना पाण्याचा सामू वाढवतो, मग झाडांना लोह मिळत नाही आणि अमोनियाही जास्त विषारी होतो. काळ्या दगडाची १ ते २ सेंटिमीटरची खडी धुऊन वापरावी. शंका असल्यास खडीवर व्हिनेगर टाकून पाहावे, बुडबुडे आले तर ती नको.

पाणी बदलले जात नसल्यामुळे मचूळ पाण्याचा धोका लपून वाढतो. वाफ होऊन पाणी उडते, मीठ मागे राहते आणि रोजच्या भरीबरोबर त्यात आणखी मीठ येते. टीडीएस मीटरने विहिरीचे आणि टाकीचे पाणी अधूनमधून मोजावे. आकडा १००० च्या पुढे जाऊ लागला तर काही पाणी काढून पागोळीचे साठवलेले पाणी मिसळावे. नळाचे पाणी असेल तर क्लोरिन उडण्यासाठी ते एक-दोन दिवस उघडे ठेवावे.

पहिले पाच आठवडे

संच सुरू करून रोज चिमूटभर मत्स्यखाद्य पाण्यात टाकावे, मासे सोडू नयेत. ते कुजून आधी अमोनिया वाढतो, मग नायट्राइट, शेवटी नायट्रेट दिसू लागते. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या चाचणी संचाने हे कळते. याला तीन ते पाच आठवडे लागतात. ओळखीच्या कोणाच्या जुन्या, निरोगी मत्स्यालयातली ओंजळभर खडी मिळाल्यास काम लवकर होते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की थोडे मासे सोडावेत.

कोणते मासे, कोणती भाजी?

समुद्रातले मासे येथे चालत नाहीत, कारण त्यांना लागणारे खारे पाणी भाजीला मारते. जिताडा गोड्या पाण्यात जगतो, पण तो मांसाहारी असून लहान माशांना खातो. नवख्यांनी गोल्डफिश किंवा रूपचंद निवडावा. तिलापिया, म्हणजे चिलापीच्या पालनावर सरकारी नियम आहेत, म्हणून आणण्याआधी मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावे. विदेशी मांगूर पाळण्यास देशात बंदी आहे.

भाजीत माठ, पालक, अंबाडी, पुदिना, तुळस आणि अळू लवकर जमतात. टोमॅटो, मिरची यांना खाद्य जास्त लागते, ती संच सहा महिने मुरल्यावर लावावी. फरसबीला मीठ सोसत नाही. कीड पडल्यास कीटकनाशक, साबणाचे पाणी किंवा कडुनिंबाचा अर्क फवारू नये, तो थेट माशांपर्यंत पोहोचतो. किडे हाताने वेचावेत.

पाऊस आणि वीज

पावसाळ्यात टाकीवर पत्रा किंवा ताडपत्री हवी आणि जादा पाणी जाण्यासाठी वरच्या कडेला जाळी लावलेला पाइप हवा, नाहीतर टाकी भरून मासे बाहेर जातात. पावसाच्या पाण्यात क्षार कमी असल्याने सामू घसरतो. तो ६ च्या खाली गेला तर जिवाणू मंदावतात. अशा वेळी तेच नको असलेले शिंपले कामाला येतात. धुतलेले मूठभर शिंपले कापडी पिशवीत बांधून टाकीत सोडावेत आणि सामू साडेसहावर आला की काढून घ्यावेत.

वीज जाणे हे सर्वांत मोठे संकट आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा पालघर जिल्ह्यात अनेक ठिकाणी वीज गेली होती. झाडे काही तास तग धरतात, माशांना मात्र प्राणवायू सतत लागतो आणि कोमट पाण्यात तो आधीच कमी असतो. ५ वॅटच्या डीसी एअर पंपाला १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी साधारण १२ तास पुरते. ती पहिला मासा सोडण्याआधीच घ्यावी. तेही नसेल तर खाद्य बंद करून तांब्याने पाणी उंचावरून टाकीत ओतत राहावे.

रोजचे काम

सकाळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत असतील तर प्राणवायू कमी आहे असे समजावे. दहा-पंधरा मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घालावे, उरलेले काढून टाकावे. आठवड्याला अमोनिया, नायट्राइट आणि सामू तपासावा. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी आहे, त्यासाठी चिलेटेड लोह अल्प प्रमाणात द्यावे. एवढी शिस्त एक पावसाळा टिकली, तरच वाफा आणि मासे वाढवण्याचा विचार करावा.