घोड्या-गाढवांसाठी शिवणकाम

लंडनच्या ‘अवर डम्ब फ्रेंड्स लीग’ने (स्थापना १८९७) बाल्कन युद्धातील घोड्यांसाठी १९१२ मध्ये ‘ब्लू क्रॉस’ निधी उभारला. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियातील ‘पर्पल क्रॉस’ या संस्थेने लष्करी घोड्यांसाठी माश्या रोखणाऱ्या झालरी पुरवल्या. युद्धानंतर लक्ष ओझेवाहू जनावरांकडे वळले. केट व नीना होसाली या मायलेकींनी उत्तर आफ्रिकेतील जनावरांसाठी १९२३ मध्ये ‘स्पाना’ ही संस्था स्थापली. डोरोथी ब्रुक यांनी १९३४ मध्ये कैरोत घोड्यांचे रुग्णालय उघडले.

अशा ओझेवाहू गाढवांच्या अनेक जखमा साजामुळे होतात, म्हणून तो शिवताना काळजी हवी. बारीक दोरीची मोहरकी नाक कापते; रुंद, कापसाने भरलेली कापडी पट्टी दाब पसरवते. शिलाई मात्र आतल्या बाजूला टोचता कामा नये. शोभेच्या गोंड्यांपेक्षा धुता येणारे सुती कापड महत्त्वाचे, कारण साजाखालची घामाने कडक झालेली गादीही कातडी सोलते.