दप्तरी दाखल

१९३३ सालच्या आरंभी जर्मनीत सुमारे सव्वापाच लाख ज्यू राहत होते. देशाच्या एकंदर लोकसंख्येत त्यांचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी होते. ऱ्हाइनकाठच्या कलोन शहरी त्यांची वस्ती रोमन साम्राज्याच्या काळापासूनची. त्यांची घरची भाषा जर्मन, त्यांचे कवी जर्मन, आणि १९१४ च्या महायुद्धात कैसरच्या सैन्यात भरती झालेल्या सुमारे एक लाख ज्यूंपैकी बारा हजार रणांगणावर पडलेले. ३० जानेवारीला हिटलर चॅन्सेलरपदी आला, त्या दिवशी या लोकांविरुद्ध जर्मनीच्या कायदेग्रंथात एकही कलम नव्हते. पुढल्या सहा वर्षांत अशा हुकमांची आणि नियमांची संख्या चारशेंच्या वर गेली. या चारशे कागदांतला कोणताही एक सुटा काढून वाचला, तर त्यातून मृत्यूच्या छावणीचा अंदाज येत नाही. ते लागोपाठ वाचावे लागतात, आणि वाचताना लक्षात येते की प्रत्येक कागद मागल्या कागदाच्या आधारावर उभा आहे.

प्रारंभी मार्ग मोकळा करून घेण्यात आला. २७ फेब्रुवारीच्या रात्री राइशस्टाग या संसदेची इमारत जळाली आणि दुसऱ्याच दिवशी निघालेल्या वटहुकमाने व्यक्तिस्वातंत्र्य, भाषणस्वातंत्र्य आणि घराची अनुल्लंघनीयता या तिन्ही गोष्टी स्थगित झाल्या. २३ मार्चला संसदेने स्वतःच्या हाताने कायदे करण्याचा अधिकार मंत्रिमंडळास बहाल केला. म्हणजे ज्यूंवर पहिला कायदेशीर घाव पडण्यापूर्वीच, त्याविरुद्ध दाद मागण्याची जी ठिकाणे होती ती सर्वांसाठीच बंद झाली होती. स्वतःचे जे हक्क गमावले गेले, त्यांचा बहुसंख्य जर्मनांना तेव्हा फारसा विषाद वाटला नाही.

१ एप्रिलला, शनिवारी, ज्यूंच्या दुकानांवर आणि दवाखान्यांवर बहिष्कार पुकारला गेला. तपकिरी गणवेशातले स्वयंसेवक दारादारांत उभे राहिले. आणि काही दुकानदार महायुद्धात मिळालेली पदके छातीवर लावून, काही न बोलता, स्वतःच्याच उंबरठ्यावर उभे राहिले. बहिष्कार एका दिवसात संपला. परंतु आठवडा उलटण्याच्या आत, ७ एप्रिलला, जो कायदा आला त्याला अंत नव्हता. ‘व्यावसायिक नोकरशाहीची पुनःस्थापना’ असे निरुपद्रवी नाव धारण करणाऱ्या या कायद्याने आर्यवंशीय नसलेले सरकारी नोकर, शिक्षक, प्राध्यापक आणि न्यायाधीश बडतर्फ करण्याची वाट मोकळी केली, आणि त्याच तारखेच्या दुसऱ्या कायद्याने वकिलांच्या सनदा रद्द होऊ लागल्या.

या कायद्यातील एका सवलतीपाशी मला नेहमी थांबावेसे वाटते. वृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या आग्रहाने तीत असे घालण्यात आले की, जे महायुद्धात आघाडीवर लढले, ज्यांचा बाप अथवा मुलगा त्या युद्धात पडला, किंवा जे १ ऑगस्ट १९१४ पासून नोकरीत आहेत, त्यांना हात लावू नये. वरकरणी ही माणुसकी होती, आणि हिंडेनबुर्ग यांचा हेतू प्रामाणिक असेलही. परंतु या एका कलमाने जे साधले ते उघड जुलमाने साधले नसते. सूट मिळालेल्याला वाटले की कायद्याला अजून विवेक आहे, आपली सेवा त्याने ओळखली. आणि सूट न मिळालेल्या शेजाऱ्याचा प्रश्न हा अन्यायाचा प्रश्न न राहता कागदपत्रांच्या पुराव्याचा प्रश्न झाला. माणसे सैन्यातल्या नोकरीचे दाखले शोधू लागली, अर्ज करू लागली, आणि अर्ज करणारा मनुष्य नकळत हे मान्य करून बसतो की समोरच्याला विचारण्याचा अधिकार आहे. १९३४ मध्ये हिंडेनबुर्ग वारले, आणि १९३५ अखेर ती सूटही गेली.

राज्यापुढची अडचण व्याख्येची होती. ज्यू कोणास म्हणावे? जे राज्य रक्ताच्या गोष्टी इतक्या ठामपणे बोलत होते त्याच्यापाशी रक्त ओळखण्याचे कोणतेही साधन नव्हते, कारण असे साधन मुळात असूच शकत नाही. म्हणून ११ एप्रिल १९३३ च्या नियमाने आजी-आजोबांकडे बोट दाखवले: चौघांतले एक जरी ज्यू असेल तरी नातवंड अनार्य. १५ सप्टेंबर १९३५ रोजी न्युरेम्बर्ग येथे नाझी पक्षाच्या अधिवेशनात नागरिकत्वाचा आणि ‘रक्तसंरक्षणाचा’ असे दोन कायदे मंजूर झाले. ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क गेले, ज्यू आणि जर्मन यांचा विवाह गुन्हा ठरला, आणि पंचेचाळीस वर्षांखालील जर्मन स्त्रीला ज्यूच्या घरी मोलकरीण म्हणून ठेवण्यासही बंदी झाली. मात्र ज्यू कोण, हे या कायद्यांनी सांगितलेच नव्हते; ते १४ नोव्हेंबरच्या पुरवणी हुकमाने सांगितले. तीन किंवा चार आजी-आजोबा ज्यू असतील तर पूर्ण ज्यू, दोन किंवा एक असेल तर ‘मिश्र’, त्यातही पोटभेद. आणि आजोबा ज्यू होते हे ठरायचे कशावरून, तर त्यांच्या धर्माच्या नोंदीवरून. म्हणजे रक्ताचा सारा सिद्धान्त शेवटी चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्यांवर येऊन टेकला.

याचा परिणाम असा झाला की या कामाला वंशशास्त्रज्ञांपेक्षा कारकून अधिक लागले. पाद्री, जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणारे अंमलदार, गावोगावचे दप्तरदार हे सर्व जुन्या वह्या उघडून नकला देऊ लागले. कारण नोकरी हवी, बढती हवी, पक्षाचे सभासदत्व हवे, तर प्रत्येक जर्मनाला स्वतःच्या पूर्वजांचे दाखले द्यावे लागत होते. त्यातल्या फार थोड्यांनी कुणावर हात उगारला असेल. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर लिहून खाली सही केली, आणि त्या सहीने शेजारच्या घरातला मनुष्य दुसऱ्या वर्गात गेला.

१९३६ च्या ऑलिम्पिकच्या वेळी परदेशी पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून बर्लिनमधल्या ज्यूविरोधी पाट्या काही काळ उतरवल्या गेल्या, आणि पुष्कळांनी याला उताराची खूण मानले. १९३८ साली मात्र हुकमांची गती बदलली. मार्चमध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत झाला. २६ एप्रिलला हुकूम निघाला की, पाच हजार मार्कांहून अधिक मिळकत असलेल्या प्रत्येक ज्यूने तिची यादी सरकारात दाखल करावी: घर, जमीन, रोखे, विम्याच्या पॉलिसी, दागिने. जुलैमध्ये एव्हियां येथे बत्तीस राष्ट्रांचे प्रतिनिधी निर्वासितांचा विचार करण्यासाठी जमले, सहानुभूती व्यक्त करून बहुतेक सगळे रिकाम्या हातांनी परतले, आणि बर्लिनने त्याचा योग्य तो अर्थ लावला. १७ ऑगस्टच्या हुकमाने ज्यांची नावे सरकारी यादीतल्या ज्यू नावांत बसत नव्हती त्या पुरुषांनी आपल्या नावापुढे ‘इस्राएल’ आणि स्त्रियांनी ‘सारा’ जोडणे १ जानेवारी १९३९ पासून सक्तीचे झाले. ५ ऑक्टोबरला ज्यूंचे पासपोर्ट रद्द होऊन ते पुन्हा वैध करण्यासाठी लाल ‘जे’ अक्षराचा शिक्का आवश्यक ठरला; हे अक्षर जर्मनीने स्विस अधिकाऱ्यांशी झालेल्या वाटाघाटींतून स्वीकारले, हे युरोपच्या इतर दप्तरांनीही विसरण्यासारखे नाही.

ऑक्टोबरअखेर जर्मनीत राहणाऱ्या सुमारे सतरा हजार पोलिश ज्यूंना उचलून सरहद्दीवर सोडण्यात आले. त्यांतल्या एका कुटुंबाचा सतरा वर्षांचा मुलगा, हर्शेल ग्रिन्श्पान, पॅरिसमध्ये होता. त्याने ७ नोव्हेंबरला जर्मन वकिलातीतल्या अर्न्स्ट फोम राट या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या. ९ नोव्हेंबरला फोम राट मरण पावताच सबंध देशभर सिनेगॉग पेटले, सुमारे साडेसात हजार दुकाने फोडली गेली, आणि सुमारे तीस हजार पुरुषांना डाखाऊ, बुखेनवाल्ड आणि साक्सेनहाउझेनच्या छावण्यांत नेण्यात आले. रस्त्यावर पसरलेल्या काचांमुळे त्या रात्रीला ‘स्फटिकरात्र’ म्हणतात. पण मला त्या रात्रीपेक्षा १२ नोव्हेंबरची बैठक अधिक भयंकर वाटते. हिटलरचा सहकारी गोरिंग याच्या अध्यक्षतेखाली मंत्री, सचिव आणि विमा कंपन्यांचे प्रतिनिधी टेबलाभोवती बसले आणि ठरले ते असे: नुकसान झाले ते ज्यूंनी भरून काढावे, विम्याची रक्कम सरकारजमा व्हावी, आणि ज्यूंवर एकंदर शंभर कोटी मार्कांचा दंड बसवावा. दंडाची आकारणी कशी करावी हा प्रश्नच पडला नाही, कारण एप्रिलमध्ये ज्याची त्यानेच लिहून दिलेली मिळकतीची यादी हाताशी होती. तिच्यावर शेकडा वीस आकारणी झाली.

देश सोडून जावे तर तेथेही एक जुना कागद आडवा येत होता. भांडवल देशाबाहेर जाऊ नये म्हणून ‘पलायनकर’ नावाचा कर ब्रूनिंगच्या सरकारने १९३१ मध्ये, हिटलरच्या आधी, बसवला होता. नव्या राजवटीने त्याची मर्यादा खाली आणली आणि जाणाऱ्याच्या मिळकतीचा चौथा हिस्सा त्यातच कापला जाऊ लागला. उरलेल्याचे परकीय चलन करताना पुन्हा लूट. तरीही जे निसटले त्यांतले काही मुंबई बंदरात उतरले: बर्लिनचे रुडॉल्फ फोन लायडन १९३३ मध्ये आले आणि पुढे मुंबईच्या तरुण चित्रकारांच्या पाठीशी उभे राहिले, युरोप सोडून १९३४ मध्ये आलेल्या वॉल्टर काउफमान यांनी बांधलेली आकाशवाणीची ओळखधून आपल्या कित्येक पिढ्यांनी पहाटे ऐकली. युद्ध पेटल्यावर जर्मन पासपोर्ट असलेल्या कित्येक ज्यू निर्वासितांना शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून काही काळ अहमदनगरच्या छावणीत राहावे लागले. ज्या राज्याने त्यांना आपले म्हणण्यास नकार दिला होता, त्याचेच ते प्रजाजन ठरले.

मागे राहिलेल्यांचे आयुष्य कसे इंचाइंचाने आखडत गेले, हे ड्रेस्डेनच्या व्हिक्टर क्लेम्पेरर यांच्या रोजनिशीत दिसते. ते रोमान्स भाषांचे प्राध्यापक, बाप्तिस्मा घेतलेले प्रोटेस्टंट, महायुद्धात स्वयंसेवक म्हणून गेलेले. आघाडीवर लढल्याच्या सवलतीने ते दोन वर्षे टिकले. १९३५ मध्ये अध्यापन गेले. मग ग्रंथालय बंद झाले, गाडी चालवण्याचा परवाना गेला, रेडिओ गेला, राहते घर गेले, टंकलेखनयंत्र गेले. आणि १९४२ च्या मे महिन्यात ज्यूंनी पाळीव प्राणी ठेवू नयेत असा हुकूम निघाल्यावर त्यांचे मांजर पत्नीला पशुवैद्याकडे मारून घेण्यासाठी न्यावे लागले. या साऱ्याची पाने त्यांची पत्नी एका डॉक्टर मैत्रिणीकडे जीव मुठीत धरून पोहोचवत असे. १३ फेब्रुवारी १९४५ रोजी शहरात उरलेल्या ज्यूंना हजर होण्याच्या नोटिसा वाटण्याचे काम क्लेम्पेरर यांच्यावरच आले. त्या रात्री ड्रेस्डेनवर बॉम्बवर्षाव झाला, आणि त्या धुमश्चक्रीत कोटावरचा, ज्यूपणाची खूण असलेला पिवळा तारा काढून ते निसटले.

ते वाचले याचे मुख्य कारण पत्नी ज्यू नव्हती. ज्यांना हे कवच नव्हते त्यांच्यासाठी १९४१ चा शरद ऋतू शेवटचा ठरला. १९ सप्टेंबरपासून सहा वर्षांवरील प्रत्येक ज्यूने छातीवर तारा शिवणे सक्तीचे झाले. १८ ऑक्टोबरला बर्लिनच्या ग्रूनेवाल्ड स्थानकातून पूर्वेकडची पहिली गाडी सुटली. २३ ऑक्टोबरला देश सोडण्यास बंदी झाली. २५ नोव्हेंबरला १९३५ च्याच नागरिकत्वाच्या कायद्याखाली अकरावा हुकूम निघाला: ज्याचे वास्तव्य परदेशी आहे त्या ज्यूचे राष्ट्रीयत्व संपले, आणि त्याची मालमत्ता सरकारजमा झाली. त्याला परदेशी नेले कोणी, हे हुकमात विचारलेले नाही. रेल्वे खाते या प्रवासासाठी तिसऱ्या वर्गाचे एकेरी भाडे आकारीत होते. चार वर्षांखालील मुलांना भाडे माफ होते.

जाण्यापूर्वी प्रत्येकाला सोळा पानांचा एक तक्ता भरून द्यावा लागे. खोल्या किती, खुर्च्या किती, चादरी, उशा, सदरे, चमचे किती, असे रकाने त्यात होते, आणि लोकांनी ते भरले, कित्येकांनी अतिशय काळजीपूर्वक. बर्लिनमध्ये लेव्हेट्सो रस्त्यावरच्या सिनेगॉगमध्ये गोळा केलेल्या माणसांच्या हाती बेलीफ जप्तीचा हुकूम देई आणि पोच घेई. मग घराला मोहोर लागे, दुसरा अंमलदार तो तक्ता घेऊन वस्तू मोजी, किंमत लावी, आणि लिलाव होई. महसूल खात्याच्या या फायली आज पोट्सडामच्या पुराभिलेखागारात आहेत. त्यांतल्या कित्येकांत गाडी गेल्यानंतरचे कागद आहेत: घरमालकाने खोली रिकामी पडून राहिली म्हणून मागितलेले भाडे, आणि वीज कंपनीने त्या कुटुंबाने शेवटच्या दिवसांत जाळलेल्या दिव्यांचे पाठवलेले बिल. बिल तपासलेले असते, रक्कम मंजूर झालेली असते, आणि खाली तारीख घालून फाईल बंद केलेली असते.