ठिगळाचा इतिहास आणि सामायिक डेटाबेस-यंत्रे

संगणकाच्या परिभाषेतील ‘पॅच’ हा शब्द आज कोणासही रूपकात्मक वाटत नाही. परंतु आरंभी तो अगदी वाच्यार्थानेच योजला जात असे. १९४४ साली हार्वर्ड विद्यापीठात कार्यान्वित झालेल्या मार्क-१ ह्या यंत्राला आदेश दिले जात ते छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून. फितीत चूक आढळली म्हणजे नको असलेल्या छिद्रावर कागदाचा तुकडा चिकटवीत. हे खरेखुरे ठिगळच होय. मराठीत ‘ठिगळ’ ह्या शब्दाला दारिद्र्याची जी छटा आहे, ती व्यवसायातील इंग्रजी शब्दातून कधीच पुसली गेली. एक गोष्ट मात्र राहिली: ठिगळ लावावयाचे तर वस्त्र अंगावरून उतरवावे लागते. फीत दुरुस्त होईपर्यंत ती चालविता येत नसे. ज्या यंत्राने कधीच थांबू नये, अशी अपेक्षा असते, त्याच्या बाबतीत ही अडचण किती खोल जाते, हे पुढील इतिहासावरून दिसून येते.

न थांबणारे यंत्र हा पणन-विषय बनविण्याचे श्रेय १९७४ साली जेम्स ट्रेबिग ह्यांनी कॅलिफोर्नियात स्थापन केलेल्या टँडेम कंपनीकडे जाते. तिचे पहिले यंत्र १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटीबँकेत गेले. त्याची कल्पना मुळात सोपी होती. प्रत्येक महत्त्वाचा भाग दुहेरी. चालू कामाची एक जोड-प्रक्रिया दुसऱ्या प्रोसेसरवर सिद्ध. आणि पहिली प्रक्रिया दुसरीस आपली स्थिती वेळोवेळी कळवीत राहणार. एक प्रोसेसर बंद पडला तर दुसरा तेथूनच काम उचलून घेई. यंत्रातील बिघाड हाच मुख्य शत्रू, हे गृहीत धरून ही रचना केलेली होती.

ते गृहीत कितपत खरे होते, ह्याचा पडताळा कंपनीतीलच जिम ग्रे ह्यांनी १९८५ साली घेतला. संगणक का थांबतात, हा त्यांच्या निबंधाचा विषय. ग्राहकांकडील यंत्रांच्या बंद पडण्याच्या नोंदी तपासून, आणि नव्या यंत्रांचे आरंभीचे बिघाड वगळून, त्यांनी कारणांची विभागणी केली. यंत्रभागांच्या वाट्यास केवळ १८ टक्के आले, प्रणालीतील दोषांच्या वाट्यास २५ टक्के, आणि व्यवस्थापनाच्या वाट्यास तब्बल ४२ टक्के. त्या ४२ पैकी २५ टक्के देखभालीचे होते. म्हणजे दुरुस्त करणारा हातच पुष्कळदा यंत्र थांबवीत होता! ग्रे ह्यांनी ह्यावरून काढलेला व्यावहारिक निष्कर्षही लक्षणीय आहे: यंत्रभागाची सुधारणा त्वरित बसवावी, परंतु प्रणालीचे ठिगळ, तो दोष प्रत्यक्ष त्रास देत नसेल तर, लावूच नये, पुढील मोठ्या आवृत्तीची वाट पाहावी.

दरम्यान डिजिटल कंपनीने १९८३ मध्ये व्हॅक्सक्लस्टर आणला होता. त्यात अनेक संगणक त्याच तबकड्यांवर काम करीत, आणि कोणत्या विदेवर कोणाचे कुलूप आहे ह्याचा हिशेब सर्वांच्या संमतीने ठेवला जाई. हीच कल्पना ओरॅकलने पुढे आपल्या डेटाबेससाठी वापरली; २००१ मधील तिच्या नवव्या आवृत्तीत एका संगणकाच्या स्मृतीतील विदाखंड तबकडीवर न लिहिता थेट दुसऱ्याकडे धाडण्याची सोय झाली, आणि सामायिक डेटाबेस वेगाच्या दृष्टीने परवडू लागला. २००८ साली एक्साडेटा हे तयार संच-यंत्र आले. ज्या संस्थांकडे प्रत्येक खात्याचा डेटाबेस वेगळ्या यंत्रावर होता, त्यांना ती सर्व दप्तरे एका संचात आणणे किफायतशीर वाटू लागले, आणि ते स्वाभाविकही होते.

परंतु त्यापूर्वीच ग्रे ह्यांच्या सल्ल्यास उतरती कळा लागली होती. २५ जानेवारी २००३ रोजी स्लॅमर नावाच्या, अवघ्या ३७६ अक्षरकांच्या किड्याने मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस-प्रणालीतील एका दोषाचा लाभ घेऊन किमान ७५,००० संगणक ग्रासले. त्यांतील बहुतेक पहिल्या दहा मिनिटांतच. त्या दोषाचे ठिगळ जुलै २००२ मध्येच उपलब्ध झाले होते. ‘दोष त्रास देईपर्यंत थांबा’ हा नियम त्रास देणारा बाहेरचा असेल तर टिकत नाही. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने दरमहा, तर जानेवारी २००५ पासून ओरॅकलने दर तिमाहीस ठिगळांचा ठरीव दिवस नेमला.

येथे दोन प्रवाह परस्परांवर आदळले. वेतनखाते महिनाअखेरीस यंत्र सोडणार नाही. हिशेबखात्यास मार्च वर्ज्य. विक्रीखात्यास सणासुदीचे दिवस. वेगळ्या यंत्रांवर असताना प्रत्येकास आपापली सवड होती. एकत्र आल्यावर सर्वांना मान्य असा मुहूर्त शोधावा लागला, आणि तो न सापडल्यास ठिगळ तिमाही-तिमाही लांबणीवर पडू लागले. ही अडचण तांत्रिक नसून संमतीची होती, हे ओळखल्याखेरीज नंतरच्या युक्त्यांचे मर्म कळत नाही. एकेका संगणकास पाळीपाळीने बाजूस घेऊन ठिगळ लावण्याची पद्धत ही त्यांतील पहिली. मात्र काही ठिगळे अशी असतात की, नवा आणि जुना संगणक एकत्र नांदूच शकत नाहीत. त्यांच्यासाठी सर्वांना थांबावेच लागते. दुसरी युक्ती २०१३ मधील बाराव्या आवृत्तीची: एका मोठ्या पात्रात अनेक डेटाबेस बसवावयाचे, आणि ठिगळ लावलेले नवे पात्र शेजारी सिद्ध करून, ज्याची सवड होईल तो डेटाबेस जुन्यातून काढून नव्यात नेऊन ठेवावयाचा. ह्यायोगे खात्यांना आपली सवड बव्हंशी परत मिळाली.

तबकड्यांच्या साठवण-कोठ्या मात्र सर्वांच्याच राहिल्या. त्याही पाळीपाळीने दुरुस्त होतात. परंतु विदेच्या दोनच प्रती ठेवल्या असतील तर एक कोठी बाजूस असताना काही विदेची एकच प्रत चालू राहते, आणि तेवढ्या वेळात तीच तबकडी बिघडली तर जे व्हावयाचे ते होते. म्हणून चालू अवस्थेत ठिगळ लावणाऱ्यांना तीन प्रती ठेवण्याचा सल्ला दिला जातो. दोन प्रतींत शंभर भागांपैकी पन्नास भाग उपयोगी पडत. तीन प्रतींत तेहतीसच पडतात.