अनुभवाविना हिशेबनिशीकडे : भातसानगर परिसरातून नव्या नोकरीची वाट

मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी सुमारे निम्मे पाणी शहापूर तालुक्यातील भातसा धरणातून येते. या धरणाच्या निमित्ताने वसलेल्या भातसानगरातून पोटापाण्यासाठी बाहेर पडणाऱ्यांच्या वाटा ठरलेल्या आहेत. शहापूर, तेथून आसनगाव स्थानक आणि पुढे लोकलने कल्याण-ठाणे. नाहीतर रस्त्याने भिवंडीची गोदामे. मुरबाडकडील मंडळी तेथील औद्योगिक वसाहतीत काम धरतात किंवा एसटीने कल्याण गाठतात. पस्तिशी-चाळिशीत पाळीची नोकरी झेपेनाशी झाली, कंत्राट संपले, अथवा मुले मोठी झाल्यावर घराबाहेर पडावयाचे ठरले, की ज्या मोजक्या पर्यायांचा विचार होतो त्यांत हिशेबनिसाचे काम असते. त्याचबरोबर दोन शंकाही येतात : आपण वाणिज्य शाखेचे नाही आणि अनुभवही नाही. यांपैकी पहिली अडचण बरीचशी समजुतीची आहे. दुसरी खरी आहे.

पुस्तपालन म्हणजे व्यवहारांची रीतसर नोंद. लेखाकर्म म्हणजे त्या नोंदींवरून नफा-तोटा आणि ताळेबंद तयार करून त्यांचा अर्थ लावणे. दुकानाची, गोदामाची किंवा लहान कारखान्याची पुस्तके लिहिण्यासाठी अमुकच पदवी हवी, असे बंधन नाही. कंपनीच्या लेखापरीक्षण अहवालावर सही मात्र सनदी लेखापालाचीच लागते. ही सीमारेषा प्रारंभीच ध्यानात ठेवलेली बरी, कारण दोन-तीन महिन्यांच्या वर्गाची जाहिरात अनेकदा ती पुसूनच केली जाते.

संगणकाआधी वही

द्विनोंदी पद्धती प्रथम छापील स्वरूपात मांडली ती इटलीतील लुका पाचिओली याने, १४९४ मध्ये. रोजकीर्द, खतावणी, तेरीज हे मराठी शब्दही आज अकरावी-बारावीच्या ‘पुस्तपालन व लेखाकर्म’ या विषयात जिवंत आहेत. नवशिक्याने सुरुवात या पाठ्यपुस्तकांपासून करावी. टॅलीची बटणे पंधरा दिवसांत पाठ होतात. कोणते खाते नावे आणि कोणते जमा हे पक्के होण्यास वेळ लागतो, आणि मुलाखतीत विचारले जाते तेही हेच.

उदाहरणार्थ, शहापुरातील दुकानदाराने महाराष्ट्रातीलच व्यापाऱ्याकडून १०,००० रुपयांचा माल उधारीवर घेतला आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. खरेदी खाते १०,००० रुपयांनी नावे, केंद्राचा व राज्याचा कर प्रत्येकी ९०० रुपयांनी नावे आणि व्यापाऱ्याचे खाते ११,८०० रुपयांनी जमा. तोच माल गुजरातेतून आला, तर दोन करांऐवजी १,८०० रुपयांचा एकच एकात्मिक कर. पुढे हा माल १५,००० रुपयांस विकला, तर ग्राहकाकडून २,७०० रुपये कर येईल. त्यातून खरेदीवरील १,८०० वजा जाता सरकारला ९०० रुपये भरावयाचे.

येथवर गणित सोपे आहे. पण पुरवठादाराने आपल्या विवरणपत्रात हे बिल दाखवलेच नाही, तर दुकानदाराच्या ‘जीएसटीआर-२बी’ या तक्त्यात ते उमटत नाही आणि १,८०० रुपयांची वजावट अडते. जानेवारी २०२२ पासून हा नियम कठोर झाला आहे. बिले आणि तक्ता यांची दरमहा जुळवणी करणे, चुकलेल्या पुरवठादाराला दूरध्वनी करून पाठपुरावा करणे, बँकेच्या पासबुकाशी रोकडवही ताडून पाहणे, हे आजच्या हिशेबनिसाचे खरे काम. केवळ आकडे भरण्याचे काम कमी होत चालले आहे. वार्षिक पाच कोटींहून अधिक उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतील विक्रीसाठी ई-बिल सक्तीचे झाले आहे, आणि बँकेचे उतारे थेट संगणकात घेता येतात.

शिकावे कोठे

टॅलीची शैक्षणिक आवृत्ती विनामूल्य असून तीत ठरावीक तारखांच्याच नोंदी करता येतात. सरावास तेवढे पुरते. पदवी नसलेल्यांसाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा वाणिज्य अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करता येतो. कोणत्याही शाखेच्या पदवीधरासाठी राज्याच्या सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही पदविका परीक्षा आहे. तिची दखल शहरी वाचक फारशी घेत नाहीत, हे आश्चर्यच. ही पदविका, सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचे कामचलाऊ ज्ञान असलेल्या पदवीधरास महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणित लेखापरीक्षक मानतो. गृहनिर्माण संस्था, पतसंस्था, सेवा सोसायट्या यांनी भरलेल्या ठाणे जिल्ह्यात या पात्रतेला काम मिळण्याची शक्यता उघड आहे.

अनुभवाचा पेच

ज्याला आपण अनुभव म्हणत नाही, तो कधी कधी घरातच असतो. बचत गटांच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांच्या जोडीला अद्ययावत हिशेब हे पाचवे सूत्र आहे. ज्या महिलेने गटाचे बचत व कर्जाचे रजिस्टर चार वर्षे लिहून बँकेला दाखवले, तिने वैयक्तिक खाती सांभाळली आहेत. अर्जात हे स्पष्ट लिहावे; सभासद किती, कर्जे किती, जुळवणी कोणी केली, हेही नोंदवावे. गोदामात आवक-जावक लिहिणाऱ्याने साठ्याची नोंदवही सांभाळलेली असते. त्याच्यासाठी साठा ते खतावणी हे अंतर वाटते तेवढे मोठे नाही.

बाकीच्यांनी तालुक्याच्या गावातील करसल्लागाराच्या कार्यालयात काही महिने अल्प वेतनावर काम करणे, हाच रूढ मार्ग. एका कार्यालयात किराणा, हार्डवेअर, वाहतूकदार अशा निरनिराळ्या व्यवसायांची बिले हाताखालून जातात. ही संधी एखाद्या दुकानात बसून मिळत नाही. वेतन मात्र सुरुवातीला आधीच्या पाळीच्या पगाराहून कमी असू शकते. घरात दुसरे उत्पन्न नसेल, तर जुनी नोकरी सोडण्यापूर्वी सहा महिन्यांचा खर्च बाजूला असणे आवश्यक ठरते. ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ देणाऱ्या वर्गाचे शुल्क कर्ज काढून भरण्याआधी हमी लेखी मागावी आणि मागील तुकडीतील दोघा-तिघांना प्रत्यक्ष भेटावे.

नव्या माणसाला हमखास गाठणारा आणखी एक धोका आहे. मालाशिवाय आलेले बिल खरेदीत चढवण्यास मालक सांगतो, आणि नवखा ‘साहेबांनी सांगितले’ म्हणून चढवतो. बनावट बिलांवर वजावट घेणे हा जीएसटी कायद्यान्वये गुन्हा असून ठरावीक रकमेपुढे कारावासाची तरतूद आहे. चौकशीत प्रथम विचारणा होते ती नोंद करणाऱ्याकडे. कंपन्यांच्या हिशेबप्रणालीत तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक फेरबदलाची खूण राखणे बंधनकारक आहे. कोणती नोंद कधी बदलली, हे त्यातून दिसते. त्यामुळे स्वतःचा स्वतंत्र पासवर्ड मागून घ्यावा, दुसऱ्याच्या नावाने संगणक उघडू नये, आणि माल पोचल्याची पावती हाती असल्याखेरीज खरेदीची नोंद करू नये.